हमीदाबाईंच्या खेळात योद्धा नव्हता

हमीदाबाईंना चित्रात एकटा माणूस चालत नसे.

नागभीडच्या शाळेत त्या चित्रकला शिकवायच्या आणि मी गणित. वह्या तपासायला आम्ही एकाच टेबलाशी बसायचो, त्यामुळे त्यांचे शेरे मला आपोआप वाचायला मिळत. विहिरीवर पाणी भरणारी बाई कुणी काढली की खाली लाल पेन्सिलीनं लिहिलेलं असे, ‘हंडा डोक्यावर कोण चढवणार?’ झाडावर चढलेला मुलगा काढला की, ‘खाली चिंचा वेचायला कोण आहे?’ आणि चित्र कितीही सुबक असो, दहापैकी चार. एकदा एक पालक तणतणत शाळेत आले. मुलीनं एवढी छान बाई काढली, लुगड्याचे काठसुद्धा काढले, आणि मार्क चार?

“तुमाले चित्र पाह्यजे का जत्रा पाह्यजे, बाई?” त्यांनी विचारलं.

“जत्राच पाह्यजे,” हमीदाबाई म्हणाल्या. “काढाले सांगा तिले. कागद कमी पडला तर मी देतो.”

पुढच्या आठवड्यात त्या मुलीच्या विहिरीवर चौघीपाचजणी उभ्या होत्या, आणि त्यातली एक तोंडाला पदर लावून हसत होती. तिला नऊ मिळाले. दहावा मार्क हमीदाबाई कुणालाच देत नसत. तो मागायला जायची हिंमतही कुणाची नव्हती.

उंच, काटक बाई. डोक्यावरून पदर, हातात पुरुषी घड्याळ, चष्म्याच्या काड्यांना दोरा बांधून तो गळ्यात अडकवलेला. चालायच्या अशा झपाट्यानं की बाजारात लोक आपसूक बाजूला होत. लग्न केलं नव्हतं. ते का, असं नवीन आलेल्या शिक्षिका हळूच विचारायच्या, तेव्हा त्या सरळ सांगत, “म्या सांगतलं होतं, मले माह्याच घरी राहाचं हाये, येनाऱ्यानं इथी यावं. कोनी आलं नाई.” आणि पुन्हा वह्यांत डोकं घालत. धाकटा भाऊ रफिकभाई, त्याची बायको, मुलं आणि त्या असं त्यांचं घर. घराच्या पुढच्या खोलीत रफिकभाईंचं गादीचं दुकान होतं. घराणं पिंजाऱ्याचं. कापूस पिंजायची धनुकली दारामागे टांगलेली असे आणि घरातल्या प्रत्येकाच्या केसांत थोडासा कापूस. बाईंच्याही.

त्यांचा तो खेळ आला तो या गाद्यांमधूनच.

मोहर्लीला वाघ बघायला येणाऱ्यांची वर्दळ तेव्हा नुकती वाढू लागली होती. नव्वदीचं दशक अर्ध्यावर आलेलं. तिथल्या एका मुक्कामाच्या जागी गाद्या नव्यानं भरायचं काम रफिकभाईंना मिळालं. एका गादीखाली त्यांना एक जाडजूड इंग्रजी पुस्तक सापडलं. कुणी परदेशी पाहुणा विसरून गेला असावा. मुखपृष्ठ नव्हतं, मागची निम्मी पानं वाळवीनं, म्हणजे आमच्याकडच्या उधईनं, खाल्लेली. तिथल्या राखणदारानं ‘घेऊन जा, चूल पेटवाले होईन’ म्हणून सांगितलं. आत चित्रं होती म्हणून रफिकभाईंनी ते बहिणीसाठी आणलं.

ते एका खेळाच्या नियमांचं पुस्तक निघालं. चारपाच माणसांनी एकत्र बसायचं. एकानं गोष्ट चालवायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतलं एकेक पात्र व्हायचं. ‘समोर दरी आहे, पूल तुटला आहे, काय करता?’ असं गोष्ट चालवणारा विचारतो. आपण काय करतो ते सांगायचं. जमलं की नाही ते फासे ठरवतात. राक्षस, जादू, पडके किल्ले, सगळा मालमसाला. पण त्याआधी आपलं पात्र कुठल्या प्रकारचं ते ठरवावं लागतं. पुस्तकात चार प्रकार होते: तलवारवाला योद्धा, जादूगार, चोर आणि पुजारी. प्रत्येकाची ताकद वेगळी, उणीव वेगळी.

हमीदाबाईंनी शब्दकोश घेऊन ते पुस्तक उन्हाळ्याच्या सुट्टीत वाचून काढलं. सुट्टी संपताना मला बोलावणं आलं. दुकानामागच्या पडवीत चटई टाकलेली. रफिकभाई होते, आणि शालिक होता. शालिक तळ्यावर मासेमारी करणाऱ्या घरातला, तिशीचा, हसऱ्या तोंडाचा माणूस. लहानपणी तो बाईंच्या हाताखाली शिकला होता आणि दर रविवारी त्यांच्याकडे मासळी द्यायला यायचा. त्या दिवशी त्याला सायकल लावून आत बसायला सांगितलं होतं, आणि बाईंनी सांगितलं म्हणजे बसायचं.

या प्रकारांना मराठीत काय म्हणावं यावर पहिल्याच दिवशी वाद झाला. रफिकभाई म्हणाले, “जात म्हना ना, आपा. सगळ्याइले समजते.”

बाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. “जात इचारून मिळते का? इथी आपन निवडून राह्यलो. पेशा म्हनाचं. आन एक आयकून ठेवा. घरचा पेशा खेळात कोनी घ्याचा नाई. बाहेर आहेच तो.”

हा नियम अर्थात दुसऱ्या रविवारपासून लागू झाला, कारण पहिल्या रविवारी आम्ही तिघांनीही योद्धा घेतला. मीसुद्धा. तलवार, चिलखत, घोडा. आम्ही तीन योद्धे रानात शिरलो आणि संध्याकाळपर्यंत वाट चुकून, उपाशी, एका ओढ्याच्या अलीकडे बसून राहिलो. वाट कुणाला माहीत नव्हती, रांधता कुणाला येत नव्हतं. एकाचा पाय मुरगळला तर तो बसवायला कुणी नव्हतं. आम्हाला मारायला राक्षससुद्धा आला नाही. बाईंनी योद्ध्याचे नियम लिहिलेला पुठ्ठा उचलला, दोन तुकडे केले आणि चुलीकडे टाकला.

पुढे कुणी नवखा बसला की रफिकभाई मुद्दाम विचारायचे, “योद्ध्याचं पान उधईनं खाल्लं का, आपा?”

“उधईनं नाई. म्या काढलं.”

त्यामागे आणखी एक कारण होतं, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. नोकरीतली मधली काही वर्षं त्यांनी गडचिरोलीच्या दक्षिणेला, खोल रानातल्या एका शाळेत काढली होती. “बंदुकवाले म्या पाह्यले आहेत, शोभा. इकडचेबी आन तिकडचेबी. दोघंई शाळेतच उतरत, आन दोघाइलेबी वाटे का गोष्ट आपलीच हाये. माह्या गोष्टीत त्याइले जागा नाई.” त्यांचा आवाज जराही चढला नव्हता.

मग त्या पेशे बनवू लागल्या. जुन्या लग्नपत्रिका आणि ड्रॉइंगचे कागद डकवून हाताएवढे पुठ्ठे करायच्या, समोर चित्र, मागे नियम. पेशा पक्का करण्याआधी त्या तीन प्रश्न विचारत: याले काय जमते? याले काय कधीच जमनार नाई? आन याच्यावाचून कोनाचं अडते? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर मिळालं नाही तर पेशा बाद. त्यांनी केलेली सुईण अडलेलं काहीही सोडवू शकायची, कुलूप, दगडाचं दार, शापसुद्धा. पण तिला काहीच बंद करता येत नसे. पिंजारी धनुकलीचा एक टणत्कार करून गुंता मोकळा करी, धुक्याचा, गर्दीचा, अफवेचा. वाटाड्या कधी वाट चुकत नसे, पण त्याला खोटं बोलता येत नसे. मी वाटाड्या होते. दरोडेखोरांनी पकडून ‘गावाचं धान्य कुठं लपवलंय’ असं विचारलं तेव्हा मला खरं सांगावं लागलं, आणि शालिक माझ्याशी पुढचे दोन रविवार धड बोलला नाही. शालिक तेव्हा पिंजारी होता, आणि पिंजाऱ्याचं कामही मन लावून करायचा. खऱ्या रफिकभाईंकडून धनुकली कशी धरायची ते शिकून आला होता.

फासे नव्हतेच. आम्ही चिंचोके वापरायचो, एका बाजूनं फरशीवर घासून पांढरे केलेले. मूठभर टाकायचे आणि पांढरे किती पडले ते मोजायचं. मी गणिताची बाई म्हणून मोठेपणानं सांगितलं की यात मधलेच आकडे सारखे पडतील, सगळे पांढरे किंवा सगळे काळे क्वचितच. हमीदाबाई खूश झाल्या. “मंग बराबर हाये. रोज रोज चमत्कार कुठी होते?”

चिंचोक्यांवरून मोहल्ल्यात चर्चा सुरू झाली. मास्तरीणबाई घरात चिंचोक्यांचा जुगार चालवतात, आणि तोही परपुरुषांना घेऊन. एक वयस्कर हाजीसाहेब रफिकभाईंना समजवायला आले. रफिकभाई बिचारे घाबरले. म्हणाले, काही दिवस बंद ठेवू. पुढच्या रविवारी मी गेले तर पडवीत चटई नव्हती. चटई दुकानाच्या पुढच्या ओट्यावर होती, भर रस्त्याला, आणि हमीदाबाई मध्यभागी मांडी घालून बसल्या होत्या.

“लपून खेळलं तर जुगार म्हनतीन,” त्या म्हणाल्या. “आता पाहू द्या सगळ्याइले.”

हाजीसाहेब आले. काठी टेकून उभे राहिले. आमचं त्या दिवशी एका घाटात अडलं होतं, वरून दगड येत होते. हाजीसाहेब बराच वेळ ऐकत राहिले आणि मग म्हणाले, “वरती कोन बसून हाये, ते तर पाहा पह्यले.” त्यानंतर ते दर रविवारी यायचे. बसले कधीच नाहीत, पण आम्हाला चुका दाखवायला कधी विसरलेही नाहीत.

आता जाळेकराबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यावरूनच झालं.

जाळेकर हा बाईंनी सगळ्यात आधी केलेला पेशा. पाण्यातलं काहीही तो जाळ्यात धरू शकायचा. घरचा पेशा घ्यायचा नाही हा नियम मोडून शालिकनं हट्टानं तो एकदा खेळून पाहिला. तळ्यातून एक बुडालेली घंटा काढायची होती. बाई म्हणाल्या, “टाक जाळं.” शालिक म्हणाला, “टोक?” आणि गप्प बसला.

आम्ही वाट पाहिली. त्यानंही वाट पाहिली.

“अरे टाक ना,” बाई म्हणाल्या.

“कसा टाकू? टोक कोनी धरलंच नाई.”

मग कळलं. त्यांच्याकडे तळ्यात मोठं जाळं घालायचं तर दोन टोकांना माणसं लागतात, आणि पाण्यात पाय घालण्याआधी एका टोकाचा माणूस ओरडतो, ‘टोक?’ पलीकडून ‘धरलं’ असा जबाब आला की मगच उतरायचं. जबाब आला नाही तर कितीही मासळी समोर उड्या मारत असो, कुणी हलत नाही. शालिक खेळातसुद्धा हललाच नाही. बाईंनी वाद घातला. खेळ आहे हा, जादूचं जाळं आहे, एकट्याला पेलतं असं समज. शालिक ऐकायला तयार नव्हता. “बाई, तुमीच तर म्हनता, चित्रात एकटा मानूस नाई पाह्यजे. मंग मले काऊन एकट्याले उतरवून राह्यले?”

बाई इतक्या मोकळ्या हसलेल्या मी क्वचित पाहिल्या. त्यांनी तिथंच पुठ्ठा घेतला आणि मागे लिहिलं: जाळेकराचं जाळं एकट्यानं पडत नाही. दुसरं टोक कुणीही धरू शकतो, कुठल्याही पेशाचा. पण त्यानं ‘धरलं’ म्हणायला हवं. एकदा जाळं पाण्यात गेलं की जाळेकर आपलं टोक सोडत नाही. पुढे जाळेकर रफिकभाईंनी घेतला, आणि दर वेळी ‘टोक?’ असं ओरडताना ते अगदी तळ्यावरच्यासारखी मान वर करायचे.

असा तो खेळ तीनचार वर्षं चालला. गोष्टीत आम्ही खोलतळं नावाचं एक गाव वसवलं होतं. प्रत्येकाचं तिथं घर होतं. माझ्या घरापुढं मोहाचं झाड होतं, ते मी एका दिवसाच्या बक्षिसात मागून घेतलं होतं.

हमीदाबाईंना एकच गोष्ट हवी होती. हा खेळ डब्यात यावा. झाकण असलेला पुठ्ठ्याचा डबा, आत खण, खणांत पेशांचे पुठ्ठे, एका खणात चिंचोके. तो दुकानात मांडलेला असावा आणि ओळखीचा ना पाळखीचा कुणी तरी तो घरी घेऊन जावा. चपलांच्या खोक्याचा एक नमुनाही त्यांनी करून ठेवला होता, झाकणावर खोलतळ्याचं चित्र. निवृत्ती जवळ आली होती. “मी गेल्यावर तुमी तिघं खेळसान,” त्या म्हणायच्या, “मंग तुमीबी बंद करसान. डब्बा झाला तर कोनाच्या बापाच्यानं बंद होत नाई.”

माझ्या मावसभावाच्या ओळखीतून नागपूरचे मनोहरराव सापडले. सापशिडी आणि तसले पुठ्ठ्यावरचे खेळ छापायचा त्यांचा कारखाना होता. गोड बोलणारे, मनापासून ऐकणारे गृहस्थ. एका रविवारी ते छोट्या लाईनच्या गाडीनं, म्हणजे जवळजवळ चालतच, नागभीडला आले. पुठ्ठे पाहून त्यांचे डोळे चमकले. चित्रांची त्यांनी तोंड भरून तारीफ केली. मग दोन गोष्टी सुचवल्या. एक, योद्धा हवा. मुलं डबा उचलतात ती झाकणावरची तलवार बघून. दुसरं, जाळेकराला एकट्याला जाळं टाकू द्या. “मॅडम, नायक म्हणजे स्वतःच्या बळावर उभा राहणारा. दुसऱ्यानं हो म्हटल्याशिवाय ज्याचं चालत नाही, तो पेशा कोण घेईल?”

“खेळून पाहा,” हमीदाबाई म्हणाल्या. “तुमाले योद्धा पाह्यजे ना? घ्या.”

आणि त्यांनी खरंच करून दिला. मनोहरराव जे मागतील ते लिहिलं. दहा हत्तींचं बळ, न मोडणारी तलवार. काही हातचं राखलं नाही. शालिक मला कोपरानं ढोसून म्हणाला, “झालं, डब्बा आला आपला.”

गोष्ट सुरू झाली. खोलतळ्यावर पाऊस थांबायला तयार नव्हता. माझा वाटाड्या म्हाताऱ्या माणसांना घेऊन टेकडीकडे निघाला, शालिकचा पिंजारी शेजारच्या गावात मदत मागायला गेला. तळ्याच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, राहिले रफिकभाईंचा जाळेकर आणि मनोहररावांचा योद्धा.

“पाळीले भगदाड पडलं,” बाई म्हणाल्या. “पानी गावाकडं येऊन राह्यलं. काय करता?”

“शत्रू कुठे आहे?” मनोहररावांनी विचारलं.

“शत्रू नाई. भगदाड हाये.”

रफिकभाईंनी डोकं चालवलं. भगदाडावर मोठं जाळं आडवं ताणायचं, पाण्याच्या जोरानं तणसाचे, म्हणजे भाताच्या पेंढ्याचे, भारे त्यात अडकतील, मग वरून माती लोटायची. पलीकडच्या टोकाला, त्या धारेत पाय रोवून, योद्ध्याशिवाय दुसरं कोण उभं राहणार होतं? दहा हत्तींचं बळ त्याच्याचकडे होतं. रफिकभाईंनी मान वर केली.

“टोक?”

मनोहरराव हसले. “माझा योद्धा दोर धरणार नाही. तो पाण्यात उडी घेईल आणि पाण्यातल्या राक्षसाचं मुंडकं उडवेल.”

“पान्यात राक्षस नाई, साहेब.”

“मग आणा की एखादा, मॅडम. तुमच्याच हातात आहे.”

ते खरंच होतं. गोष्ट बाई चालवत होत्या. एक राक्षस आणायला काय लागतं? तलवार फिरली असती, पाहुणा खूश झाला असता, गाव वाचलं असतं आणि डबाही मिळाला असता. रफिकभाई बहिणीकडे बघत होते. मीही बघत होते, आणि मनातल्या मनात म्हणत होते, आणा बाई, एवढा एक आणा.

हमीदाबाईंनी चष्मा नीट केला. “जाळेकर टोक मागून राह्यला, साहेब. धरता का?”

“नाही.”

रफिकभाईंनी मग नियमाबाहेरचं काम केलं. जबाब न येताच ते जाळं घेऊन उतरले. बाईंनी चिंचोके टाकले. काळेच जास्त पडले.

“पाळ फुटली,” त्या म्हणाल्या. मग एकेक घर त्या सांगत गेल्या, कुठल्या क्रमानं पाणी शिरलं ते. शालिकची धनुकली, हाजीसाहेबांनी सुचवलेली चौकी, माझं मोहाचं झाड. “जाळेकरानं टोक सोडलं नाई. जाळ्यासंगंच गेला तो.”

शालिक उठून आत पाणी प्यायला गेला आणि बराच वेळ आला नाही. हाजीसाहेबांनी काठी उचलली आणि निघून गेले. मनोहरराव जरा गडबडले. म्हणाले, “अहो, खेळच आहे. पुन्हा सुरू करू. मी पकडतो दोर, त्यात काय.”

“पुन्ना नाई,” हमीदाबाई म्हणाल्या. “बुडालं ते बुडालं.”

तरी निघताना मनोहररावांनी पुन्हा विचारलं. योद्धा घ्या, जाळेकर एकटा करा, बाकी जसंच्या तसं छापतो, नाव तुमचंच टाकतो. बाईंनी त्यांना चहा दिला, वर आणखी अर्धा कप दिला, आणि नाही म्हटलं. रफिकभाई वैतागले, “आपा, हातातला डब्बा गेला,” असं म्हणून आत निघून गेले.

मी थांबले. बाई चिंचोके गोळा करत होत्या. डोळे लाल झाले होते, ते त्यांनी लपवले नाहीत. “मले डब्बा पाह्यजे होता, शोभा,” त्या म्हणाल्या. “लय पाह्यजे होता.” मग पिशवीची नाडी ओढून त्यांनी गाठ मारली. “पन त्याच्यात जे हाये तेच मले पाह्यजे. दुसरं भरून पाठवलं तर तो माहा डब्बा कसा?”

पुढच्या रविवारी खेळ पुन्हा सुरू झाला. टेकडीवर वाचलेल्या म्हाताऱ्यांपासून.

त्यांच्या निवृत्तीनंतर वर्षभरात माझी बदली झाली, मग लग्न होऊन मी नागपूरला गेले. हमीदाबाई आरमोरीला पुतणीकडे राहायला गेल्या. आणि एके दिवशी सीताबर्डीवरच्या एका दुकानात मला तो डबा दिसला. झाकणावर तलवार उगारलेला योद्धा. आत खण, खणांत पुठ्ठे. सुईण नव्हती, पिंजारी नव्हता. जाळेकर मात्र होता. एकटा, पाळीवर ऐटीत उभा, एका हातानं जाळं भिरकावणारा. पाठीमागे लिहिलं होतं की हा वीर कुणाच्याही मदतीशिवाय पाण्यातलं काहीही पकडतो. हमीदाबाईंचं नाव कुठंही नव्हतं. मी डबा घेतला आणि तशीच आरमोरीच्या बसमध्ये बसले.

बाई अंगणात खाटेवर होत्या. केस सगळे पांढरे झालेले, चष्म्याचा दोरा तोच. वाटेत मी मनोहररावांना काय काय ऐकवायचं ते ठरवत आले होते, आणि सगळं एका दमात बोलून टाकलं. कोर्टात जाऊ, असंही मी म्हणाले.

त्यांनी माझं बोलणं अर्धवटच ऐकलं. डब्याचं झाकण उघडून पाहिलं, खण बोटानं चाचपले. “खन चांगले केले,” म्हणाल्या. मग जाळेकराचा पुठ्ठा उचलला आणि डोळ्यांजवळ नेला. किती तरी वेळ पाहिला.

“एकटाच हाये का हा?”

“एकटाच.”

“लाल पेन्सिल दे आतून.”

पुतणीनं पेन्सिल आणून दिली. बाईंनी पुठ्ठा मांडीवर ठेवला. हात थोडा कापत होता, पण रेघ धरली की स्थिर व्हायचा. जाळ्याच्या मोकळ्या काठाला त्यांनी दोर काढला, तो चित्राच्या कडेपर्यंत नेला, आणि तिथं दोन हात काढले, मग खांदे, मग तोंड. तोंड शालिकसारखं दिसत होतं. मागचा छापील नियम त्यांनी एका रेघेनं खोडला आणि खाली आपला लिहिला, दाटीवाटीनं पण पुरता. चित्राच्या कोपऱ्यात छापणाऱ्याला मार्क दिले, चार.

“हा त्याच दुकानात नेऊन ठेव,” त्या म्हणाल्या.

“ठेव म्हणजे?”

“बदलून माग. म्हनाचं, आतला माल खराब हाये, दुसरा द्या. खोटं नाई ते. हा तिथी राहीन, कोनी तरी नेईन. दुसरा इकडं आन.”

मी तेच केलं. दुकानदारानं डबा उलटापालटा करून पाहिला, आत फारसं न बघता मागच्या रांगेत ठेवला आणि मला दुसरा दिला. पुढच्या खेपेला मी गेले तेव्हा आमचा डबा रांगेत नव्हता. कुणाच्या तरी घरी गेला होता. मी दुसरा दुरुस्त केलेला ठेवला, तिसरा आणला. मग दुकानं बदलत राहिले, कारण एका दुकानदारानं मला ओळखायला सुरुवात केली होती. बाई डब्यामागून डबा दुरुस्त करत राहिल्या. कधी दुसऱ्या टोकाला रफिकभाई असत, कधी काठी बगलेत धरलेले हाजीसाहेब. एकदा मी होते, आणि मला माझं नाक पसंत पडलं नाही असं मी बोललेसुद्धा. पुढे पुढे त्या योद्ध्यालाही हात लावू लागल्या. तलवार खोडून हातात कावड द्यायच्या. मार्क मात्र चारच.

शेवटची भेट आरमोरीच्या बसस्थानकावरची. मला सोडायला त्या काठी टेकत आल्या होत्या, येऊ नका म्हटलं तरी. बस भरलेली होती, मी कशीबशी खिडकीची जागा धरली, आणि मग लक्षात आलं की डबा त्यांच्याच हातात राहिला. बस सुरू झाली होती, घरघरत होती. त्यांनी काठी भिंतीला टेकवली, टाचा उंचावल्या आणि दोन्ही हातांनी डबा खिडकीपर्यंत वर केला. मी वाकून त्याला हात लावला. त्या सोडेनात.

“टोक?” त्या खालून ओरडल्या. आसपासची माणसं वळून बघू लागली.

“धरलं,” मी म्हटलं.

मग त्यांनी सोडला.